दोन शेपट्यांचं पत्र

फायाल बेटावर मी स्कूटरवरून फिरतो.
सॅकमध्ये सहा सीडी, एक स्क्रूड्रायव्हर.
लोक डॉक्टर म्हणतात, फी मात्र देतात
बटाटे, चीज,
एकदा तर जिवंत कोंबडी.

कापेलोच्या पुढं, जिथं निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं
विरळ होत होत करड्या मातीत संपतात,
तिथून देओलिंदाचा निरोप आला:
चार दिवस झाले, माऊसला हात लावलेला नाही. ये.

स्क्रीनवर एकच न वाचलेली मेल.
पाठवणार: झुल्मिरा, फॉल रिव्हर, अमेरिका.
झुल्मिरा म्हणजे तिची धाकटी बहीण.
फेब्रुवारीत तिकडेच पुरली तिला,
बर्फ फोडून.

मी कॉफीचा कप खाली ठेवला.
"उघडली नाहीत ना?"
"नाही."
मनात म्हटलं, चला, निदान एकीच्या तरी लक्षात राहिलं
मी घरोघर घसा कोरडा करून सांगतो ते:
ओळखीचं नाव दिसलं म्हणून कडी काढायची नाही,
न मागता आलेलं बोचकं सोडायचं नाही,
शंका आली तर आधी फोन करून विचारायचं
पाठवणाऱ्याला.

इथं जीभ चावली.

"तुझ्या शिकवण्यानं नव्हे रे," देओलिंदा म्हणाली,
"ती वरची ओळ वाच. 'प्रिय मित्रा'!
जन्मात कधी प्रिय म्हणाली नाही ती मला.
तिचं पत्र सुरू व्हायचं, 'काय गं गाढवे, आहेस का मेलीस?'
मग तिकडच्या माशांचे भाव,
मग गुडघे."

जोडलेल्या फाइलचं नाव होतं 'आपले फोटो'.
नावाला दोन शेपट्या:
पुढची चित्राची, सगळ्यांना दिसावी म्हणून,
मागची खरी, क्लिक केलं की वळवळणारी.
मी बोट ठेवून दाखवलं. तिनं चष्मा पुसून पाहिलं.

"तिच्या मुलानं जुना कम्प्युटर चालू केला असेल," मी म्हणालो,
"आत किडा होता. त्यानं पत्त्यांची वही चाळली,
दिसेल त्या नावाला पत्र टाकलं,
तिच्या सहीनं."
"मग लिहिलं कुणी?"
"कुणीच नाही. लिहिणारा नसतोच.
ते नुसतं या घरातून त्या घरात जात राहतं."

ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

"सत्तावन्न साली समुद्रातून डोंगर फुटला ना,
तेव्हा आम्ही दोघी
दाराच्या फटींत ओली पोती कोंबायचो.
रात्रभर. वाळली की परत भिजवायची.
तरी राख आत. साखरेत, उशीत,
झुल्मिराच्या भुवयांवर.
एक दिवस छप्पर बसलं.
पुढच्या साली ती बोटीत बसली.
मी मागं पोती पिळत."

फोनच्या तारेवरून अपडेट थेंबथेंब उतरत होतं.
मोडेम किंचाळून गप्प झाला होता.
बेचाळीस टक्के.
तिनं अंजिराचा मुरंबा काढला.
सत्तर.
रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं,
आम्ही दोघं ऐकल्यासारखं करत होतो.

मग मी ती फाइल उचलून विलगीकरणात टाकली.
"ते कुठं असतं?"
"इथंच. एक खोकं समजा. कडी बाहेरून."
"तिथून कुणाला काही करेल?"
"नाही. पण पुसून टाकलेलं बरं."
ती टेबल पुसू लागली. टेबल स्वच्छच होतं.
"खोक्यावर नाव तिचंच राहील?"
"...हो."
"मग असू दे."

नियम मला पाठ आहेत. मीच तर शिकवतो.
बटण समोर होतं, बोटही होतं.

बाहेर येऊन वहीत लिहिलं:
देओलिंदा, कापेलो. अपडेट केलं. साफ.
शेवटचा शब्द खोडावा की काय,
विचार करत उभा राहिलो,
तेवढ्यात तिनं दारातून ओरडून विचारलं,
मुरंब्याची बरणी परत कधी आणशील,
गाढवा?